ओस घराचा शेजार

एखाद्या देवस्थानाच्या जीर्णोद्धाराची वार्ता आली की आपल्या मंडळींना केवढा आनंद होतो! गळके छप्पर उतरविले जाते, वाळवीने पोखरलेले खांब काढले जातात, देवाचे तत्त्व विधिपूर्वक कलशात घेऊन तात्पुरत्या स्थानी नेले जाते आणि यथावकाश जुन्या जागी नवे मंदिर उभे राहते. या कामास कोणी मोडतोड म्हणत नाही. उलट घरोघरी वर्गणीची पावती जपून ठेवली जाते. परंतु हीच गोष्ट माणसांच्या घराच्या बाबतीत, त्यातही वर्षानुवर्षे कुलूप असलेल्या घराच्या बाबतीत करावयाची म्हटली, की गल्लीत कुजबुज सुरू होते. 'वाडवडिलांचे घर पाडावयास निघाले' हे एकच वाक्य तोंडोतोंडी फिरते आणि त्यापुढे सगळे हिशेब, सगळी कारणे फिकी पडतात.

मच्छे येथील आमच्या जुन्या घराच्या निमित्ताने गेली दोन वर्षे आम्ही हा अनुभव घेत आहो. आज आपल्यापैकी कित्येक कुटुंबांची गावाकडची घरे अशीच मिटल्या दाराने उभी आहेत. म्हणून या प्रकरणातून आम्हांस जे उमगले ते वाचकांपुढे मांडावे असे वाटले.

बेळगावहून खानापूरमार्गे गोव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर मच्छे लागते. आमच्या लहानपणी हे भातशेतीचे गाव होते. पावसाळ्यात चिखलणी आणि रोपलावणी, दिवाळीच्या सुमारास सुगी, उरलेल्या दिवसांत कडधान्य आणि भाजी असे त्याचे वर्षाचे गणित. पुढे औद्योगिक वसाहत आली आणि कारखान्यांच्या पाळ्यांबरोबर गावाची झोपही पाळीपाळीने होऊ लागली. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाची स्थापना १९९८ मध्ये झाली, त्याचे मुख्य स्थान याच शिवारालगत वसले. ग्रामपंचायतीच्या जागी नगरपंचायत आली. आता रोज सकाळी येथे कामगार, विद्यार्थी आणि शिक्षक बसमधून उतरतात आणि संध्याकाळी पुन्हा दूर कोठेतरी झोपावयास जातात, कारण गावात त्यांना खोली मिळत नाही. आणि त्याच गावाच्या मध्यभागी, देवळापासून हाकेच्या अंतरावर, आमचे दहा खणांचे घर चौदा वर्षे रिकामे उभे होते.

घर रिकामे कसे होते याची कथा बहुतेक ठिकाणी सारखीच असते. आमचे काका वारले. काकींना गुडघेदुखीमुळे आम्ही बेळगावात टिळकवाडीला आमच्याकडे आणले. एक चुलतभाऊ मुंबईस, धाकटा पुण्यास, बहिणी सासरी. कोणी घर सोडले असे कधी झाले नाही, केवळ परतणे लांबत गेले. पहिली काही वर्षे गणपतीला दार उघडत असे. मग पूजा बेळगावच्या बिऱ्हाडी होऊ लागली. शेवटी वर्षातून एकदा कर भरण्यापुरता घराचा आणि आमचा संबंध उरला.

बंद घर जसेच्या तसे राहते ही मोठी गोड समजूत आहे. मातीच्या भिंतीचे घर माणसाच्या रोजच्या वावरावर जगते. चुलीच्या धुराने वासे आणि कौलाखालची पट्टी सुकी राहते, धुरामुळे वाळवी दूर राहते, फुटलेले मंगळुरी कौल मे महिन्यात कोणी तरी शाकारताना बदलते, शेणसारवणाने जोत्याचा ओलावा आटोक्यात राहतो. माणूस गेला की ही सारी निगा एकदमच थांबते. एक कौल सरकते, त्यातून चार पावसाळे पाणी भिंतीच्या माथ्यावर पडते, माती आतून फुगते आणि बाहेरून मात्र गिलावा शाबूत दिसतो. आमच्या भागात हे भय कल्पनेतले राहिलेले नाही. २०१९ च्या ऑगस्टमधील अतिवृष्टीत बेळगाव जिल्ह्यात हजारो घरांची पडझड झाली. ६ ऑक्टोबर २०२१ रोजी बेळगाव तालुक्यातीलच बडाल अंकलगी येथे पावसाने भिजलेली भिंत कोसळून सात माणसे दगावली. त्या वर्षी आमच्या घराची परड्याकडची भिंत एका रात्री बाहेरच्या बोळात ढासळली. सुदैवाने रात्रीची वेळ होती. दिवसा त्याच बोळातून शाळेची मुले जातात.

तेव्हा घर दुरुस्त करावे की नवे बांधावे हा प्रश्न उभा राहिला. गवंड्याने आणि अभियंत्याने पाहून सांगितले, की दोन भिंती आणि अर्धे छप्पर नव्याने करावे लागेल. एवढे करूनही आत राहणार कोण, याचे उत्तर त्यांच्यापाशी नव्हते, आमच्यापाशीही नव्हते. म्हणून आम्ही भावंडांनी ठरविले, की जुने घर उतरवून त्या जागी तीन मजली इमारत बांधावी. प्रत्येक मजल्यावर तीन, अशी नऊ बिऱ्हाडे. काही वाटणीची, काही विकावयाची, दोन भाड्याने द्यावयाची. जुना उतारा मराठीत, नवा कन्नडात. दोन्हींतील नावे जुळविण्यात सहा महिने गेले. पण खरा खोळंबा पुढे होता.

गल्लीतील काही मंडळींनी विरोध केला. आम्ही त्यांस कागद दाखविण्याऐवजी देवळाच्या सभामंडपात बसून बोलावे असे सुचविले आणि त्यांनीही मोठ्या मनाने ते मान्य केले. तीन रविवार बैठकी झाल्या. आक्षेप ऐकता ऐकता आमच्या ध्यानात आले, की 'विरोध' हा शब्द एकच असला तरी त्यात निरनिराळ्या जातींचे धान्य मिसळलेले आहे. ते निवडल्यावाचून शिजविता यावयाचे नाही.

उत्तरेकडच्या शेजाऱ्यांचे म्हणणे उन्हाचे होते. त्यांच्या अंगणात हिवाळ्यात भात, पापड, सांडगे वाळतात. आम्ही हिशेब करून घेतला. आपल्याकडे डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे इतका कललेला असतो, की ३० फूट उंच भिंतीची सावली भर दुपारीही सुमारे २५ फूट उत्तरेकडे पडते. म्हणजे त्यांचे अख्खे अंगण ऐन सुगीनंतरच्या दिवसांत सावलीत जाणार. हा आक्षेप अक्षरशः खरा होता. दुसरा आक्षेप विहिरीचा. परड्यातील विहीर उताऱ्यावर आमची असली तरी नळाला पाणी नसेल तेव्हा चार घरे तिच्यावर अवलंबून असतात. नऊ बिऱ्हाडांचा पंप बसल्यावर त्यांच्या घागरीचे काय? तिसरा आक्षेप पालखीच्या वाटेचा. दसऱ्याला पालखी ज्या बोळातून जाते तो आमच्या जोत्याजवळ इतका अरुंद होतो, की भोयांना खांदा तिरका करावा लागतो. तेथे मोटारी उभ्या राहिल्या तर पालखी अडावी हे कोणालाच रुचणारे नव्हते.

यानंतर आवाज खाली आले आणि दुसऱ्या जातीचे आक्षेप निघाले. राहावयास कोण येणार? कोणत्या भाषेचे, कोणत्या गावचे, काय खाणारे-पिणारे? आमच्या गल्लीत आजवर सगळे एकमेकांना आजोबांच्या नावाने ओळखतात, तेथे रोज नवे चेहरे दिसणार काय? आणि शेवटी एका वृद्ध गृहस्थांनी, जे काकांचे बालमित्र, डोळे पुसत सांगितले, "ते दार बंद असले तरी मला दिसते. दार दिसले की तुझा काका आत आहे असे वाटते."

या शेवटच्या वाक्याला उत्तर नाही आणि आम्ही ते देण्याचा प्रयत्नही केला नाही. पण घरी परतताना एक विचार मनात घोळत राहिला. चौदा वर्षे घर ओस ठेवण्यास आम्हांस कोणाचीही संमती घ्यावी लागली नव्हती. भिंत बोळात पडली तेव्हाही बैठक भरली नाही. ओसाडपणाला कोणी हरकत घेत नाही, कारण तो हळूहळू येतो आणि कोणाच्या नावावर नसतो. बांधकाम मात्र एका दिवशी सुरू होते आणि त्याला मालक असतो. शिवाय त्या सभामंडपात उन्हाचा मालक होता, विहिरीवर पाणी भरणारा होता, पालखीचा मानकरी होता, आठवणींचा धनीही होता. जो त्या इमारतीत उद्या राहणार, तोच तेवढा नव्हता. तो अजून शेजारी झालेला नसल्यामुळे शेजाऱ्यांच्या बैठकीत त्याला आसन नाही. कोणतेही नवे घर अडते ते पुष्कळदा या एका गैरहजेरीमुळे.

या गोष्टीचे फार मोठे आणि कडू उदाहरण मुंबईच्या गिरणगावात घडले आहे. आमच्या बेळगाव-चंदगड भागातूनही पुष्कळ माणसे पूर्वी तेथे कामाला जात. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकामागून एक थंडावल्या. ५८ गिरण्या आणि त्यांखालची सुमारे ६०० एकर जमीन शहराच्या मध्यभागी, बहुतेक ओसच, पडून राहिली. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने, जमीन पुनर्विकासास काढताना तिचे ढोबळमानाने तीन वाटे करावयाचे ठरले: एक शहराच्या मोकळ्या जागांसाठी, एक 'म्हाडा'मार्फत परवडणाऱ्या घरांसाठी, एक मालकासाठी. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी केवळ ज्या जमिनीवर बांधकाम नाही तेवढ्यापुरती उरली. म्हणजे ज्या शेडमध्ये वर्षानुवर्षे एकही साचा हललेला नव्हता, तिच्या खालची जमीन कायद्याच्या दृष्टीने भरलेली ठरली! बंद इमारत रिकामी की भरलेली, या एका प्रश्नावर हजारो घरांचे भवितव्य लटकले. एका पर्यावरणवादी संस्थेने जुन्या वाटणीसाठी न्यायालयात धाव घेतली. २००५ च्या ऑक्टोबरात उच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निर्णय दिला. ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरविला. गिरणी कामगारांच्या घरांची पहिली मोठी सोडत निघाली ती २८ जून २०१२ रोजी, ६,९२५ घरांची. संपाला तोवर तीस वर्षे झाली होती. अर्जांची संख्या पुढे पावणेदोन लाखांच्या घरात गेली आणि कित्येक अर्जांवर मूळ कामगाराऐवजी वारसाचे नाव आले.

त्या वादात आक्षेप घेणारे हटवादी होते असे आमचे म्हणणे नाही. मोकळे मैदान आणि गरिबाचे घर यांसाठीच त्यांचा झगडा होता. तरी एवढे खरे, की भांडण कोणीही जिंको, विलंबाचे मोल घराची वाट पाहणाऱ्याने चुकविले. यातून आम्ही आपल्यापुरती दोन सूत्रे घेतली. आक्षेपात जो हक्क असेल तो पहिला दगड बसण्यापूर्वी लिहून द्यावा. आणि जो हक्क नसून भीती वा हळहळ असेल, तिला आदराने ऐकावे, पण तिच्या हाती घराची किल्ली देऊ नये.

हक्कांचे काम आधी केले. उत्तरेकडच्या बाजूस तिसरा मजला काढून टाकला. नऊ बिऱ्हाडांची सात झाली. धाकट्या भावाच्या वाट्याची रक्कम यामुळे कमी झाली. त्याने एक दिवस फोन घेतला नाही, दुसऱ्या दिवशी सही करून कागद पाठविला. विहिरीवर पंप न बसविता कूपनलिका वेगळी घ्यावयाची, छपराचे पावसाचे पाणी विहिरीजवळच्या शोषखड्ड्यात सोडावयाचे आणि चार घरांचा पाणी भरण्याचा हक्क कागदावर आणावयाचा असे ठरले. पालखीच्या बोळाकडे जोते तीन फूट मागे घेतले आणि मोटारींची जागा परड्याच्या बाजूस दिली.

राहिली भीती. 'बाहेरची माणसे' या आक्षेपापुढे आम्ही बैठकीत एवढेच म्हटले, की आपल्या देवांचा इतिहास आपण आठवावा. सोळाव्या शतकात मंगेश कुशस्थळीहून प्रियोळास आला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्यास, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळास, रामनाथ लोटलीहून बांदिवड्यास. त्या त्या गावांना हे देव आणि त्यांच्यामागून आलेली माणसे त्या दिवशी नवीच होती. कोणी तरी जागा दिली म्हणून आज तेथे दीपमाळा उजळतात. कवळ्याचे आजचे देऊळ अठराव्या शतकात शाहू महाराजांच्या काळी नारोराम मंत्र्यांच्या पुढाकाराने उभे राहिले, ते तेथील आधीची लहान वास्तू जपून ठेवण्याच्या आग्रहाने नव्हे. आमचे स्वतःचे घराणेही मच्छ्याचे मूळचे नव्हे. घाटाखालून वर आलेले. आमच्या पूर्वजांस कोणी 'काय खाता' असे विचारून परत धाडले असते, तर ज्या घरासाठी आज हळहळ होते ते घरच झाले नसते.

आणि एका छपराखाली अनेक बिऱ्हाडे ही पद्धत आपली नव्हे, असेही कोणी म्हणू नये. मुंबईत गावदेवी येथे १९१५ मध्ये सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था निघाली. देशातील सहकारी गृहनिर्माणाची ती मुहूर्तमेढ मानली जाते आणि श्रीपाद सुब्बराव तालमकी यांचे नाव त्या चळवळीशी कायमचे जोडले गेले आहे. परगावाहून आलेल्या नोकरदारांना मुंबईत रास्त दरात स्वच्छ जागा मिळत नव्हती, म्हणून आपल्याच मंडळींनी भागभांडवल गोळा करून हा मार्ग काढला. शंभर वर्षांपूर्वी मुंबईत जी गरज आपली होती, ती आज मच्छ्यात दुसऱ्या कोणाची आहे, एवढाच फरक.

येथे एक गोष्ट शेतकरी शेजाऱ्यांनीच आमच्या बाजूने मांडली. हलगा-मच्छे बायपासच्या रस्त्यासाठी पिकाऊ जमीन जाऊ नये म्हणून या भागातील शेतकरी कित्येक वर्षे झगडले, न्यायालयात गेले, २०२१ मध्ये यंत्रे शिवारात शिरली तेव्हा बांधावर उभे राहिले. त्यांतील एकाने बैठकीत सांगितले, "गावात ओस घरे राखायची आणि नव्या माणसाला भाताच्या खाचरात घर बांधायला लावायचे, हे कुठले शहाणपण? खाचर एकदा भरले की पुन्हा पिकत नाही. पडके घर मात्र पुन्हा उभे राहते." यापेक्षा नेमका युक्तिवाद आम्हांस कोणत्याही पुस्तकात सापडला नसता.

तरीही एका आक्षेपाने आमची झोप उडविली. तिसऱ्या रविवारी उठता उठता एक बाई म्हणाल्या, "तुम्ही बांधणार, विकणार आणि बेळगावला जाणार. शेजार आम्ही करायचा." हा आक्षेप उन्हाच्या हिशेबात बसणारा नव्हता, पण तो हळहळही नव्हता. जो शेजारी म्हणून राहणार नाही, त्याने शेजाऱ्यांना समजूतदारपणा शिकवावा हे बरे दिसत नाही. त्या रात्री आम्ही घरी हा विषय काढला. काकी काणकोणहून या घरात सून म्हणून आलेल्या. आजही त्या मनातले बोलतात ते कोंकणीतच. त्या म्हणाल्या, "दिवो पेटना जाल्यार तें घर कसलें? म्हाका थंय व्हर." दिवा लागत नाही ते घर कसले, मला तिकडे ने. सात बिऱ्हाडांपैकी तळमजल्यावरचे एक आम्ही आमच्यासाठी राखले. टिळकवाडीचे बिऱ्हाड सोडून आम्ही काकींसह तेथे राहावयास जाणार आहो.

घर उतरविताना सागवानी खांब निघाले ते जिन्याच्या कामास येतील. जोत्याचा काळा दगड विहिरीच्या काठाला लावला. तुळशीवृंदावन परड्याच्या पूर्वेस हलविले. काकांच्या बालमित्रांस आम्ही जुन्या दाराची चौकट दाखविली आणि ती नव्या इमारतीच्या मुख्य दारास बसविणार असल्याचे सांगितले. ते काही बोलले नाहीत. त्यांचा विरोध अजून मावळलेला नाही आणि तो मावळलाच पाहिजे असा आमचा आग्रहही नाही. शेजार म्हणजे एकमत नव्हे. मतभेद असूनही संध्याकाळी त्याच देवळात घंटा वाजविण्यास एकापाठोपाठ उभे राहणे, एवढ्यावर तो टिकतो.

विहिरीच्या पाण्याचा जो कागद झाला, त्यात चार जुन्या घरांची नावे आहेत. पाचव्या ओळीत आम्ही असे लिहविले, की नव्या इमारतीत जी कोणी कुटुंबे राहावयास येतील, त्यांनाही नळ बंद असेल त्या दिवशी या विहिरीवर घागर भरण्याचा तेवढाच हक्क राहील. त्यांची नावे, त्यांची गावे आम्हांस अजून ठाऊक नाहीत. त्या ओळीखाली चारही घरांच्या सह्या आहेत.